सक्ती गरोदर स्त्रीवर नको, आरोग्य यंत्रणेवर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदर स्त्रियांची एचआयव्ही, गरमी (सिफिलिस) आणि कावीळ ब (हिपॅटायटिस बी) यांची तपासणी कायद्यानेच सक्तीची करून टाकावी, असे मत डॉक्टरांच्या बैठकांपासून ग्रामसभेपर्यंत अधूनमधून ऐकू येते. हे मत मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आईकडून बाळाला होणारा आजार टळावा, एवढीच त्यांची इच्छा असते आणि ती माझीही आहे. मात्र एका तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयात, एचआयव्हीच्या एकात्मिक सल्ला व चाचणी केंद्रात, 2007 ते 2023 अशी सोळा वर्षे कंत्राटी समुपदेशक म्हणून काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की ही मागणी चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन ठेवली जात आहे. कायद्याने कोणाला बांधायचेच असेल, तर ते तपासणी सुचवणाऱ्याला, समजावून सांगणाऱ्याला आणि उपचार देणाऱ्याला बांधावे. तपासून घेणाऱ्या बाईला बांधू नये.

आधी आजचा कायदा काय आहे ते स्पष्ट करणे गरजेचे आहे, कारण गैरसमज इथूनच सुरू होतो. गरोदरपणात एचआयव्हीची चाचणी आधीपासूनच सक्तीची आहे, असे अनेक डॉक्टरही समजून चालतात. एका खासगी प्रसूतिगृहाच्या नोंदणीच्या खिडकीवर 'एचआयव्ही रिपोर्टशिवाय नाव नोंदवले जाणार नाही' असा संगणकावर छापलेला कागद चिकटपट्टीने लावलेला मी स्वतः पाहिला आहे. तो कागद बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 साली संसदेने संमत केला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून तो अमलात आला. त्याच्या कलम 5 नुसार कोणत्याही व्यक्तीची एचआयव्ही चाचणी तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, आणि चाचणीआधीचे व चाचणीनंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग मानलेला आहे. कलम 6 मध्ये संमतीची गरज नसलेले चार प्रसंग सांगितले आहेत: न्यायालयाचा आदेश असेल तर, रक्त, वीर्य, ऊती किंवा अवयव उपचारासाठी वा संशोधनासाठी घेतले जात असतील तर, ज्यात व्यक्तीची ओळख उघड होत नाही अशा साथरोग सर्वेक्षणात, आणि परवानाधारक रक्तपेढीतील तपासणीत. या चारांत गरोदरपण नाही. संसदेने ते विसरून वगळले, असेही म्हणता येणार नाही, कारण गरोदर स्त्रियांचा उल्लेख याच कायद्यात पुढे स्वतंत्रपणे आला आहे. शिवाय कलम 3 मध्ये भेदभावाचे जे प्रकार मनाई केले आहेत, त्यात आरोग्यसेवा मिळण्यासाठी एचआयव्ही चाचणीची पूर्वअट घालणे हाही एक प्रकार आहे. खिडकीवरचा तो कागद नेमके हेच करत होता.

मग बंधनकारक काय आहे? राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे धोरण असे आहे की प्रत्येक गरोदर स्त्रीला, शक्यतो तिच्या पहिल्याच तपासणीच्या वेळी, एचआयव्ही आणि गरमीची चाचणी सुचवली गेलीच पाहिजे. ती उपकेंद्रात येवो, प्राथमिक आरोग्य केंद्रात येवो की दर महिन्याच्या 9 तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी येवो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाने यात कावीळ ब ची भर घातली. म्हणजे चाचणी सर्वांना सुचवायची आणि 'नको' म्हणण्याची मुभा तेवढी बाईकडे ठेवायची. सुचवणे यंत्रणेवर बंधनकारक, स्वीकारणे बाईच्या मर्जीवर, अशी ही रचना आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्यक्षात मात्र गर्दीच्या दिवशी सुचवण्याचे रूपांतर करून टाकण्यात होते. हिमोग्लोबिनसाठी रक्त काढताना त्याच सुईतून आणखी दोन नळ्या भरल्या जातात आणि बाईला एवढेच सांगितले जाते की 'सगळ्या रूटीन तपासण्या आहेत'. दाखल होतानाच्या छापील अर्जात 'आवश्यक त्या सर्व तपासण्यांना माझी संमती आहे' ही ओळ असते, तिच्याखाली अंगठा उठतो आणि कायद्याचे पालन झाले असे सर्वजण मानतात. कायद्याला अभिप्रेत असलेली संमती विशिष्ट चाचणीसाठी, कोणत्याही दबावाविना आणि त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती दिल्यानंतर घेतलेली असावी लागते. डोळे मिटून घेतलेला अंगठा त्यात बसत नाही.

समजावून सांगणे म्हणजे काय, ते एका खोलीचे वर्णन करून सांगते. आमच्या केंद्राची खोली म्हणजे औषधभांडाराचा एक भाग होता. मध्ये प्लायवुडची अर्धी भिंत, तिला दार नाही, पडदा मी घरून आणून लावला होता. गरोदर बाई सहसा एकटी येत नाही. सासूबाई, नणंद किंवा आशाताई सोबत असतात आणि त्या शेजारच्या खुर्चीत बसतात. कायद्याने गोपनीयता सांगितली आहे, पण सासूबाईंना 'तुम्ही बाहेर बसा' म्हटले की संशय तिथेच जन्माला येतो. त्यामुळे मी केसपेपरवर एखादा शिक्का मुद्दाम बाकी ठेवत असे आणि सासूबाईंनाच म्हणत असे, "आजी, एवढा शिक्का मारून आणता का, खिडकीपाशी रांग कमी आहे." त्या परत येईपर्यंतची सात-आठ मिनिटे माझी आणि त्या मुलीची. तेवढ्या वेळात एचआयव्ही म्हणजे काय, तो निघाला तर काय करता येते, बाळ कसे वाचवता येते, रिपोर्ट कोणाला कळेल आणि कोणाला कळणार नाही, हे सर्व सांगायचे. बहुतेकींचा पहिला प्रश्न आजाराविषयी नसतोच. त्या विचारतात, "ताई, घरी सांगतील का?" या प्रश्नाचे खरे आणि ठाम उत्तर देता आले, की बोट पुढे येते. सोळा वर्षांत स्पष्ट नकार देणाऱ्या बायका माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. ज्या नकारासाठी सक्तीचा कायदा हवा म्हणतात, तो नकार एवढासा आहे. चाचणी न सुचवल्यामुळे, किट संपल्यामुळे, किंवा सातव्या महिन्यात माहेरी गेलेल्या बाईचे कार्ड दोन गावांच्या मधल्या मध्ये हरवल्यामुळे राहून गेलेल्या तपासण्या त्याहून कितीतरी जास्त होत्या.

हे राहून जाणे किती महाग पडते, हे आकड्यांतही सांगता येते. एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेवर आणि नियमित औषधे मिळाली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. मी कामाला लागले तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडे औषध, एवढेच आमच्या हाती होते. 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी, तात्काळ आणि आयुष्यभरासाठी एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे) सुरू करण्याचे धोरण आले आणि आमच्या कामाचा चेहराच बदलला. पुढे बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदाच्या कार्डावरच्या छापील वर्तुळांत भरायचे, कार्ड वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचे, सहाव्या आठवड्यापासून सुरू झालेला हा पाठपुरावा अठराव्या महिन्याच्या अंतिम चाचणीपर्यंत न्यायचा. या दीड वर्षात बाई किमान चार वेळा स्वतःच्या पायांनी रुग्णालयात परत यावी लागते. ज्या जागेने तिला फसवून तपासले, तिथे ती का परत येईल? सक्तीचे समर्थन करणारे पहिल्या दिवसाचा विचार करतात. हा आजार मात्र पहिल्या दिवशी संपत नाही.

सक्तीचा इतिहास आपल्या शेजारीच घडला आहे, हेही विसरू नये. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, 1985 यामध्ये पुढे दुरुस्ती करून एचआयव्हीबाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. रक्तदानानंतरच्या तपासणीतून ज्यांची लागण उघड झाली, त्या डॉमिनिक डिसोझा यांना 1989 साली पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस ठेवले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने ती तरतूद वैधच ठरवली. पुढे 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने नाव गुप्त ठेवून आलेल्या एका कामगाराच्या प्रकरणात, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. या दोन टोकांच्या मधले अंतर कापायला फार लोकांनी फार किंमत मोजली, आणि 2017 चा कायदा त्या वाटेवरूनच आपल्यापर्यंत आला. त्यातली संमतीची अट ही एखाद्या वकिलाने भरीला घातलेली औपचारिकता नाही.

आता एक प्रसंग. ठिकाण आणि वर्ष सांगत नाही. पहिलटकरीण, नववा महिना भरलेला, कळा सुरू झाल्या म्हणून घरच्यांनी जवळच्या खासगी प्रसूतिगृहात नेले. तिथे तिला न विचारता एचआयव्हीची झटपट चाचणी केली गेली. निकाल रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागण सुचवणारा, आला. तो तिला सांगण्याआधी वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला, दिराच्या देखत, सांगितला गेला आणि 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून रात्री साडेबाराला तिला तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले गेले. तिच्या कागदावर कोपऱ्यात लाल शाईने तीन अक्षरे लिहून त्यांच्याभोवती गोल केलेला होता. तो कागद मी नंतर हातात घेतला आहे. शाई एवढी दाबून लिहिलेली होती की मागच्या बाजूने बोटाला लागत होती. बाळंतपण जिल्हा रुग्णालयात सुखरूप झाले, बाळाला औषध वेळेवर मिळाले आणि अठराव्या महिन्याची चाचणी निगेटिव्ह आली. पण दिराने घरी काय सांगितले, गावात काय पसरले आणि ती मुलगी किती महिने माहेरी राहिली, याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही.

त्या एका रात्री 2017 च्या कायद्याची किती कलमे मोडली गेली ते पाहा. संमती नाही, समुपदेशन नाही, उपचार नाकारले, आणि निकाल तिसऱ्या माणसाला सांगितला. जोडीदाराला निकाल कधी सांगता येतो, याविषयी कलम 9 अतिशय काळजीपूर्वक लिहिलेले आहे. जोडीदाराला लागणीचा खरा धोका आहे असे डॉक्टरला किंवा समुपदेशकाला वाजवी कारणाने वाटले पाहिजे. स्वतःहून सांगावे म्हणून बाधित व्यक्तीचे समुपदेशन झालेले असले पाहिजे. ती सांगणार नाही याची खात्री पटली पाहिजे, आणि आपण सांगणार आहोत हे तिला आधी कळवले पाहिजे. एवढे सगळे झाल्यावरही, सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल, तिला टाकून दिले जाईल किंवा तिच्या वा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर इजा पोहोचेल अशी रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचे नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. बाधित गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही, असे कलम 18 सांगते. हे कायदे करणाऱ्यांना आपल्या घरांची आतून माहिती होती, असे ही कलमे वाचताना मला नेहमी वाटते. पण ती वाचलेला एकही कर्मचारी त्या वऱ्हांड्यात नव्हता.

गरमीच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी विचित्र आहे. माझ्या कामाच्या शेवटच्या काळात एचआयव्ही आणि गरमी या दोन्हींची एकत्र चाचणी करणारी पट्टी आली. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब, त्यावर द्रावणाचे थेंब, थोडा वेळ वाट पाहायची, की छोट्या खिडकीत रेघा उमटतात. एक रेघ पट्टी नीट चालते आहे हे सांगणारी, दुसरी एचआयव्हीची, तिसरी गरमीची. अतिशय उपयोगी वस्तू आहे. परंतु त्या पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर असलेल्या दोन रेघांपैकी एकीमागे संसदेचा कायदा उभा आहे आणि दुसरीमागे केवळ कार्यक्रमाची परिपत्रके. एचआयव्हीची रेघ उमटली तर गोपनीयता, भेदभावापासून संरक्षण, लोकपालाकडे (याच कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाद, सर्व काही आहे. गरमीची रेघ उमटली तर वैद्यकीय व्यवसायाचे सर्वसाधारण नियम आणि न्यायालयांचे निवाडे यांचाच आधार. एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्यासाठी वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सांगितले आहे. पण तालुक्याच्या रुग्णालयात बसलेल्या बाईपर्यंत तो निवाडा कोण पोहोचवणार? आणि बदनामी तर दोन्ही रेघांची सारखीच. उलट गरमीची लागण म्हणजे वागणुकीचा पुरावा, असेच घरात समजले जाते.

वाईट याचे वाटते की तिघांपैकी सर्वांत सहज बरा होणारा आजार हाच आहे. बेंझाथीन पेनिसिलीनचे 24 लाख युनिटचे इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत अर्धे-अर्धे, वेळेवर म्हणजे प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी मिळाले, तर आई सुधारते आणि बाळही वाचते. नाही मिळाले तर गर्भ पोटातच दगावू शकतो, किंवा बाळ जन्मतःच आजार घेऊन येते. तरीही अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत पेनिसिलीन टोचायला डॉक्टर तयार होत नाहीत, कारण रिअॅक्शन आली आणि नातेवाईक अंगावर आले तर काय, ही भीती असते. मी त्या भीतीला नावे ठेवत नाही, पण तिच्यामुळे सहा महिन्यांची गरोदर बाई एका इंजेक्शनसाठी चाळीस किलोमीटर पाठवली जाते आणि तिथे पोहोचतच नाही. नवऱ्यालाही तेच इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर ती पुन्हा बाधित होऊ शकते. नवऱ्याला रुग्णालयात आणणे हे माझ्या सगळ्या कामातले सर्वांत अवघड काम होते. चाचणी सक्तीची करा म्हणणाऱ्यांच्या तोंडून नवऱ्याचे नाव मी क्वचितच ऐकले आहे.

कावीळ ब बद्दल थोडक्यात लिहिते. आईमध्ये विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार मोठी असते, आणि जन्माच्या वेळी लागलेली ही कावीळ बहुतेक वेळा आयुष्यभर सोबत राहते. उपाय ठाऊक आहे: जन्मानंतर 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस, बाधित आईच्या बाळाला त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), आणि विषाणूचे प्रमाण खूप असेल तर आईला शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या. पण शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळाच्या वेळी लसीच्या शीतकपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गावी गेलेले असतात. कुपी दहा डोसची असल्यामुळे एका बाळासाठी ती फोडावी की नाही या विचारात सोमवार उजाडतो. फोडलेली कुपी नियमाप्रमाणे नीट ठेवल्यास 28 दिवसांपर्यंत वापरता येते, हे धोरण कागदावर आहे. इथे आईवर कसलीही सक्ती करून काय साधणार आहे? सक्ती त्या किल्लीवर करायला हवी. आणि कावीळ ब असलेल्या बाईला शस्त्रक्रियेच्या यादीत कारण नसताना शेवटी ढकलणे, तिच्या खाटेवर पाटी लावणे, या भेदभावाला 2017 चा कायदा लागू होत नाही, कारण तो केवळ एचआयव्हीपुरता आहे.

दुसरीकडे, एखादीचा गर्भ पडला की शहरातल्या अनेक ठिकाणी गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या तपासण्यांचा 'टॉर्च' नावाचा संच सर्रास लिहून दिला जातो. राष्ट्रीय कार्यक्रमात तो सर्वांसाठी सांगितलेला नाही, कायद्यात नाही, आणि त्याच्या निकालावरून पुढे काय करायचे याचे उत्तर बहुधा मिळत नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक बायकांनी त्यासाठी मंगळसूत्रातले मणी मोडल्यासारखे पैसे मोडले होते, आणि त्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गरमीच्या चाचणीचा रकाना कोराच होता.

सक्तीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मी टाळणार नाही. आईच्या नकाराची किंमत बाळ मोजते, आणि बाळाला कोणी विचारत नाही. हा प्रश्न मला रात्री झोपू देत नसे. एक बाई "घरी विचारून येते" म्हणून गेली. मी तिच्या कार्डावर पुढची तारीख लिहून दिली, आशाताईंकडून दोनदा निरोप पाठवला, बाराव्या दिवशी ती स्वतःहून आली आणि तिने बोट पुढे केले. दुसरी एक कधीच आली नाही. तिचे काय झाले, तिच्या बाळाचे काय झाले, हे मला कधी कळले नाही, आणि तिचा चेहरा मी विसरलेले नाही. तरीही मला ठामपणे वाटते की सक्ती असती तर पहिलीसुद्धा आली नसती. ज्या बाईला रिपोर्टपेक्षा घराची भीती जास्त आहे, तिला रुग्णालयाचीही भीती घातली तर ती घरीच बाळंत होण्याचा मार्ग धरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली क्यूबाला, 2016 साली थायलंडला आणि 2019 साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेला, आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि गरमीची लागण संपवल्याची मान्यता दिली. ही मान्यता देताना ती संघटना फक्त आकडे पाहत नाही. चाचण्या व उपचार स्त्रियांच्या मर्जीविरुद्ध झालेले नाहीत ना, हेही तपासते. श्रीलंकेला जे जमले ते महाराष्ट्राला जमू नये, असे काहीही कारण मला दिसत नाही.

राज्य सरकारकडून अपेक्षा आहेत, त्या मांडते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. त्याच सनदेत 'एचआयव्ही चाचणी तुमच्या संमतीनेच होईल आणि चाचणी नाकारली म्हणून उपचार नाकारले जाणार नाहीत' एवढे एक वाक्य घालावे. 2017 च्या कायद्याप्रमाणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तो नेमला आहे का, हे नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासावे. लोकपालाने तक्रार आल्यापासून 30 दिवसांत, आणि वैद्यकीय निकड असेल तेव्हा शक्य तो 24 तासांत, आदेश द्यायचा आहे. पण लोकपाल कोण आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे मी काम केलेल्या रुग्णालयाच्या एकाही भिंतीवर लिहिलेले नव्हते. लोकपालाचा आदेश न पाळणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही न पाळल्यास दररोज पाच हजारांपर्यंत दंड आहे. ही तरतूद किती खासगी रुग्णालयांच्या मालकांना ठाऊक आहे?

संसदेकडूनही दोन गोष्टी हव्यात. निदानाच्या सोयी आणि एआरटी सरकार 'शक्य तितकी' पुरवेल, अशी शब्दयोजना कलम 14 मध्ये आहे. बाधितांच्या संघटनांनी विधेयकाच्या वेळीच तिला विरोध केला होता आणि तो विरोध रास्त होता, कारण किटचा किंवा औषधाचा तुटवडा पडला की हेच दोन शब्द ढाल म्हणून पुढे येतात. ते काढून टाकावेत. दुसरे असे की संमती, समुपदेशन, गोपनीयता आणि भेदभावबंदी या चार गोष्टी गरोदर स्त्रीच्या गरमी व कावीळ ब च्या चाचण्यांनाही कायद्याने लागू कराव्यात, म्हणजे त्या पट्टीवरच्या तिसऱ्या रेघेमागेही कोणीतरी उभे राहील. आणि समुपदेशकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. मी काम सोडले तेव्हा माझी खुर्ची किती दिवस रिकामी राहिली, हे मी जाऊन पाहिले आहे. त्या काळात चाचण्या होत होत्या, पण बाईशी बोलणारे कोणी नव्हते.

संपादक महाशय, एक विनंती आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा 1097 हा मोफत मदत क्रमांक आहे. ज्या गरोदर बाईला न विचारता तपासले गेले, किंवा रिपोर्ट दाखवून दारातून परत पाठवले गेले, तिला तिथे फोन करता येतो. जागेअभावी या पत्रातला मजकूर कमी करावा लागला तरी चालेल, पण हा क्रमांक कृपया वगळू नये आणि जमल्यास ठळक अक्षरांत छापावा. ज्यांच्याविषयी मी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक माजी समुपदेशक